पेटी गाते, अर्थिंग घुमतं

जुना ज्यूकबॉक्स गाण्यामागे घुमायला लागला की मालकाच्या मनात संशयितांची यादी तयार होते, आणि ती नेहमी किमतीच्या उतरत्या क्रमाने लागलेली असते. पहिला नंबर व्हॉल्व्हचा. ते तापून लाल होतात, डोळ्यांना दिसतात आणि विकत मिळतात. आरोपी व्हायला एवढी पात्रता पुरते. मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर, कारण तो जड आहे आणि जड वस्तूंत काहीतरी दडलेलं असणारच. मग स्पीकर, कारण आवाज तिथून येतो. शेवटी व्हॉल्व्ह बदलून, ट्रान्सफॉर्मर तपासून, स्पीकरच्या कोनाला नवा कागद लावून झाल्यावर कुणीतरी कंटाळून खाली बसतो आणि त्याला दिसतं की रेकॉर्डची यंत्रणा आणि ॲम्प्लिफायरची चासी यांना जोडणारी विणलेल्या तांब्याची पट्टी एका गंजक्या स्क्रूखाली सैल लोंबते आहे. तिची किंमत काही नाही, म्हणून तिच्यावर संशयही नव्हता. माझं म्हणणं एवढंच की ही यादी खालून वर वाचावी. घुमण्याची तक्रार असेल तर आधी जोड, मग परतीची वायर, मग स्पीकरची जोडणी, आणि ज्याला आपण अभिमानाने ‘ॲम्प्लिफायर’ म्हणतो तो सर्वांत शेवटी.

ज्यूकबॉक्सला घुमण्याचा हा रोग जन्मापासून नव्हता. २३ नोव्हेंबर १८८९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅले रॉयाल सलूनमध्ये लुई ग्लास यांनी नाणं टाकून वाजणारं यंत्र बसवलं, तेव्हा त्यात एडिसनचा फोनोग्राफ होता आणि कानाला लावायच्या चार नळ्या होत्या. ॲम्प्लिफायरच नव्हता, म्हणजे घुमायची सोयच नव्हती. पुढे विजेने आवाज मोठा करायची युक्ती आली आणि तिच्या पाठोपाठ घूंऽऽ आली. गाणं मोठं करणाऱ्या ॲम्प्लिफायरला गाणं कोणतं आणि आगंतुक कोण हे कळत नाही. समोर येईल ते तो इमानेइतबारे मोठं करतो. अशा सरळमार्गी नोकरालाच चोर ठरवायची घाई सगळ्यांना असते.

एक ठरावीक पेटी समोर ठेवू: सीबर्ग कंपनीची एम-१००-बी. १९५० सालची, ४५ फेऱ्यांच्या रेकॉर्डी वाजवणारा पहिला ज्यूकबॉक्स. आत ५० रेकॉर्डी उभ्या रांगेत, म्हणजे दोन्ही बाजू धरून १०० गाणी. एक गाडा रुळावरून त्या रांगेपुढे सरकत जातो, हवी ती तबकडी उचलतो, उभीच धरून फिरवतो आणि दोन बाजूंच्या दोन सुयांपैकी योग्य ती टेकवतो. बघायला हा खेळ इतका सुंदर की गाणं संपू नये आणि पुढचं लवकर सुरूही व्हावं, असं एकाच वेळी वाटतं. पण विजेच्या दृष्टीने ही संकटांची वसाहत आहे. एकाच लाकडी कपाटात गाडा हलवणारी मोटर, नाण्यांची आणि निवडीची चुंबकं, दिवे, मुख्य ट्रान्सफॉर्मर, आणि या सगळ्या गोंगाटातून वाट काढत येणारी पिकअपची, म्हणजे सुईची थरथर विजेत बदलणाऱ्या भागाची, केसासारखी बारीक वायर. यंत्रणा धक्के बसू नयेत म्हणून स्प्रिंगांवर आणि रबरावर तरंगते, म्हणजे कपाटाशी तिचा विजेचा संबंध तुटलेला. तो संबंध जोडायचं काम एकट्या वायरचं आहे, आणि गाडा फिरतो म्हणून ती वायर दर गाण्याला वाकते. सत्तर वर्षं वाकलेली वायर निरोगी आहे असं मानून सुरुवात करणं आणि सत्तर वर्षं एकाच जागी बसलेल्या ट्रान्सफॉर्मरवर संशय घेणं, यात तर्क कमी आणि ट्रान्सफॉर्मरच्या वजनाचा दबदबा जास्त.

आता थोडं गणित, कारण आरोप पुराव्याशिवाय करू नये. चुंबकीय पिकअपमधून निघणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो, ५ धरू. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये २० वॅट ओतायचे तर जवळपास साडेबारा व्होल्ट लागतात. म्हणजे वाढ अडीच हजार पट. त्यातही एक गोम आहे. रेकॉर्ड कोरताना जाड सुरांची खोली मुद्दाम कमी केलेली असते, नाहीतर सुईची वाट शेजारच्या वाटेत घुसेल. म्हणून वाजवताना ते सूर परत उचलावे लागतात. १९५४ साली ठरलेल्या आरआयएए मानकाप्रमाणे ६० हर्ट्झचा आवाज मधल्या सुरांच्या तुलनेत साडेसहा पट जास्त उचलला जातो. अमेरिकेची वीज ६० हर्ट्झची आहे हे इथे आठवावं. म्हणजे ॲम्प्लिफायरने नेमकी घरच्या विजेचीच खास खातिरदारी करायची, असा करार कागदावर लिहून घेतला आहे. अर्थिंगच्या वायरीतून एखादा मिलिॲम्पिअर चोरटा प्रवाह वाहतो आणि वाटेत एक गंजका जोड आहे, विरोध ओहमचा शंभरावा हिस्सा. त्यावर उभा राहतो १० मायक्रोव्होल्टचा दाब. अडीच हजार गुणिले साडेसहा करून बघा: आवाज पूर्ण चढवलेला असेल तर स्पीकरवर सुमारे ०.१६ व्होल्ट, म्हणजे खोलीभर ऐकू येणारी घूं. आणि साध्या मल्टिमीटरला ओहमचा शंभरावा हिस्सा दिसत नाही. त्याच्या स्वतःच्या वायरींचा विरोध याच्या कितीतरी पट असतो. मीटर म्हणतो, ‘शून्य, जोड निर्दोष.’ मालक म्हणतो, ‘बघा, मी म्हणालो ना, व्हॉल्व्ह गेलेत.’ असा निकाल लागतो.

‘पण खरोखरच कंडेन्सर सुकलेले असले तर?’ असा रास्त आक्षेप येतो. असतात; इतक्या वर्षांत कुठल्या इलेक्ट्रोलिटिकमध्ये ओल उरली आहे? मुद्दा इतकाच की हा आरोप ठेवण्याआधी कान लावावा. पॉवर सप्लायचा फिल्टर कंडेन्सर सुकला की उरतो दुप्पट कंपनांचा, १२० हर्ट्झचा आवाज, कारण रेक्टिफायर लाटेचा प्रत्येक अर्धा भाग उचलतो. त्यात वरचे सूर भरपूर मिसळलेले असतात, म्हणून तो कानाला चरचरीत लागतो, तंबोऱ्याच्या एकाच तारेवर जवारी खुलली तर लागेल तसा. पिकअपच्या तुटक्या अर्थिंगचा आवाज मुख्यतः ६० हर्ट्झचा, खोल आणि भोंगळ असतो. ही काही दगडावरची रेघ नाही, ट्यूबलाइटच्या चोकचा चरचराट अर्थिंगच्या वाटेनेही आत येऊ शकतो. पण कानाने आठवडाभराची यातायात वाचते. शिवाय आवाजाचं बटण पूर्ण खाली करा. तरीही घुमत असेल तर दोष बटणाच्या पुढच्या टप्प्यात, सप्लायमध्ये किंवा शेवटच्या व्हॉल्व्हच्या जोडीत. घुमणं थांबलं तर दोष बटणाच्या मागे. मग पिकअपची वायर काढून तिच्या जागी शॉर्ट केलेली पिन खुपसा. शांत झालं तर ॲम्प्लिफायरला सोडून द्या, तो निर्दोष आहे. या दोन चाचण्यांना पैसा लागत नाही, आणि म्हणूनच बहुधा त्या कुणी करत नाही.

बऱ्याच ज्यूकबॉक्सांत तर यंत्र ही चाचणी आपणहून करून दाखवतं. एक रेकॉर्ड खाली ठेवून दुसरी उचलेपर्यंत सुईचा खडखडाट ऐकू जाऊ नये म्हणून म्यूटचा रिले सिग्नल दाबून धरतो. गाण्यांच्या मधल्या वेळात घूं गायब होत असेल तर ती रिलेच्या आधी शिरते आहे, म्हणजे पिकअपच्या बाजूला. तरीही चालू राहत असेल तर नंतर. दर तीन मिनिटांनी हे यंत्र न विचारता जबाब देतं, आणि आपण तो वेळ पुढचं गाणं निवडण्यात घालवतो. काही ॲम्प्लिफायरांत आवाज आपोआप सारखा ठेवणारा स्वयंचलित भागही असतो. रेकॉर्ड हळू वाजली की तो वाढ चढवतो, गाणं मोठं आलं की उतरवतो. मग तबला थांबला, गायक दमला, सगळं शांत झालं की हा प्रामाणिक भाग ‘आवाज कमी झाला’ असं समजून पूर्ण जोर लावतो, आणि नेमक्या त्याच हळव्या क्षणी घूं फुगते. मालक याला ‘थर्मल दोष’ म्हणतो. नाव भारदस्त आहे.

स्पीकरवर माझा राग नाही, पण त्याच्यावरच्या आरोपांची छाननी करायला हवी. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ६च्या आसपास दाखवतो आणि दर वेळी कुणीतरी ‘जळलाय, अर्धा शॉर्ट झालाय’ म्हणून काढून ठेवतो. मीटर डीसीचा विरोध मोजतो. ८ हा आकडा एसी प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचा आहे. दोन्ही खरे, फक्त प्रश्न वेगळे. दुसरा प्रकार जास्त मजेचा. दोन स्पीकर शेजारीशेजारी, एकाची वायर उलटी लागलेली. एक कोन पुढे जातो तेव्हा दुसरा मागे, आणि दोघांनी मिळून ढकललेली हवा परस्परांतच संपते. जाड सूर नाहीसे, नुसते वरचे उरतात. दोन्ही स्पीकर एकएकटे तपासले तर ठणठणीत. इथे दीड व्होल्टचा सेल पुरतो: टोकांना क्षणभर लावा, कोन कुठे सरकतो ते बघा, खुणा करा. पण त्यासाठी स्पीकरच्या मागे हात घालून धुळीत बसावं लागतं, आणि नवे स्पीकर मागवणं खुर्चीत बसून जमतं.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बऱ्याच यंत्रांत आणखी एक फसवणूक आहे. तेव्हाच्या स्पीकरमध्ये कायमचं चुंबक नसायचं. फील्ड कॉइलमधून प्रवाह सोडून चुंबक तयार केलं जायचं, आणि तीच कॉइल सप्लायचा चोक म्हणूनही राबवली जायची. म्हणजे स्पीकर हा फक्त स्पीकर नाही, तो वीजपुरवठ्याचाही एक भाग आहे. कॉइल तुटली की अख्खं यंत्र मुकं होतं, आणि मग पुन्हा व्हॉल्व्ह बदलले जातात. त्यांचं नशीबच तसं. त्यातच ‘स्पीकर काढून बघू या, मग घूं येते का’ हा प्रयोग करणारा शूरवीर भेटतो. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला स्पीकर न जोडता चालू ठेवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेढ्यांवर दाब भलताच उसळतो. आतला इन्शुलेशन कागद एकदा फुटला की ट्रान्सफॉर्मर संपला. आरोपी सापडत नाही, तपास अधिकारीच गुन्हा करून जातो. स्पीकर काढायचाच असेल तर जागी योग्य वॅटचा ८ ओहमचा रेझिस्टर लावावा. आणि आत हात घालण्याआधी प्लग काढून कंडेन्सर रिकामे करावेत. ३०० ते ४०० व्होल्टचा साठा बटण बंद केल्यावरही आत टपून असतो. इथे विनोद नाही.

आता सर्वांत लाडका आक्षेप. ‘पन्नास साली या पेटीला दोन पिनांचा प्लग होता, अर्थिंग नव्हतं, तेव्हा घुमत नव्हती. तुम्ही तिसरी पिन लावलीत आणि घूं सुरू झाली. म्हणजे अर्थिंग हाच दोष!’ बाहेरून हे बिनतोड वाटतं. खरं असं की तेव्हा पेटीला जमिनीकडे जाणारी वाट एकही नव्हती, म्हणून वेढा पूर्ण होत नव्हता. आता पेटीची तिसरी पिन एका सॉकेटमधून जमिनीला जोडली आहे, वर कुणीतरी भिंतीवरच्या स्पीकरची वायर लोखंडी पाइपला बांधली आहे, आणि नवा प्लेअर शेजारच्या सॉकेटमधून त्याच ॲम्प्लिफायरला लावला आहे. जमिनीच्या दोन-तीन वाटा मिळाल्या की त्यांच्यात थोडा दाबाचा फरक पडतो आणि प्रवाह त्या वेढ्यातून फिरू लागतो. उपाय म्हणजे वेढा तोडणं, तिसरी पिन तोडणं नव्हे. सिग्नलच्या वायरीचं कवच एकाच टोकाला चासीला जोडा, सगळ्या परतीच्या वायरी एकाच बिंदूवर आणा, बाहेरचा प्लेअर सिग्नलच्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधून घ्या. पण अमेरिकेत तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा करणारा एक छोटा अडॅप्टर मिळतो, पैशाने स्वस्त आणि हाताला सोपा, आणि घूं क्षणात जाते. मालकाला वाटतं, रोग बरा झाला. झालं इतकंच की आता एखादी उघडी वायर चासीला टेकली तर पेटीचा झगमगता धातूचा साज नाणं टाकणाऱ्याच्या हाताशी ११५ व्होल्ट घेऊन उभा असेल.

‘तेव्हा कुणाला शॉक बसायचा नाही,’ असंही ठासून सांगतात. बसायचा. त्या काळच्या अनेक ॲम्प्लिफायरांत विजेच्या एका वायरीपासून चासीपर्यंत एक छोटा कंडेन्सर लावलेला असे, घूं कमी व्हावी म्हणून. अमेरिकेतले दुरुस्तीवाले त्याला मृत्यू-कंडेन्सर म्हणतात आणि ते नाव अतिशयोक्तीचं नाही. कागदी, मेणात बुडवलेला, तो कधी ना कधी गळतो किंवा शॉर्ट होतो, मग विजेची वायर आणि चासी यांच्यात काहीच उरत नाही. घूं कमी करायच्या नादात बसवलेली ही वस्तू काढून टाकावी. तिथे काही लावायचंच असेल तर विजेच्या वायरीसाठी बनलेला वाय वर्गाचा कंडेन्सर. आणि पेटी पहिल्यांदा चालू करताना सिरीज लॅम्प लावून, म्हणजे वाटेत शंभर वॅटचा बल्ब घालून, करावी. आत शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटतो आणि पेटी वाचते. आपल्याकडच्या जुन्या रेडिओ मेकॅनिकांनी हे कुठल्याही मार्गदर्शिकेशिवाय वर्षानुवर्षं केलं. होल्डर आणि दोन वायरी एवढ्यावर ते शास्त्र चालतं.

अशी पेटी आपल्याकडे आली की आणखी एक घोळ होतो, आणि तो मोठा विनोदी आहे. ज्यूकबॉक्स मुंबईतल्या काही इराणी हॉटेलांत वाजत असत, आता हौशी लोक परदेशातून आणवतात. २३० व्होल्टचे ११५ करणारा ट्रान्सफॉर्मर लावला की काम झालं, असं समजतात. व्होल्ट बदलतात, हर्ट्झ नाही. ६० हर्ट्झवर चालायला बनलेली मोटर आपल्या ५० हर्ट्झवर सहापैकी पाच भागच फिरते. ४५ फेऱ्यांऐवजी साडेसदतीस. पांढरी चारमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोनला उतरतं आणि नाजूक आवाजाची गायिका सर्दी झाल्यासारखी गाते. इथेही पहिला आरोप ॲम्प्लिफायरवर: ‘बास जास्त मारतोय.’ मोटरच्या आसावर वेगळ्या व्यासाचा भाग लावायचा असतो, ॲम्प्लिफायर बिचारा साडेसदतीस फेऱ्यांचं गाणं तंतोतंत वाढवून देत असतो. शिवाय स्वस्त ट्रान्सफॉर्मर बहुतेक वेळा ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतो. त्यात आतली आणि बाहेरची वीज वेगळी नसते, प्लग उलटा बसला तर पेटीच्या आत मूळ वायरच पोचते. चासीला अर्थिंग नसेल तर पुढे काय होईल हे वर आलेलंच आहे.

मग निर्वाणीचा आक्षेप राहतो: एवढी यातायात कशाला, जुना ॲम्प्लिफायर काढून नवा बोर्ड बसवा. अर्थकारण म्हणून मला हा पटतो, तपास म्हणून नाही. नवा बोर्ड बसतो, पण पिकअपची वायर तीच, गाड्याची पट्टी तीच, गंजका स्क्रू तोच. आणि नव्या बोर्डाच्या सप्लायने जमिनीची एक जास्तीची वाट आणलेली. घूं नवी होऊन येते. उलट त्या सैल पट्टीचा जोड सॅंडपेपरने घासून, दातेरी वॉशर घालून आवळला, की बहुतेक वेळा शांतता होते. आणि इथेच पुढची पंचाईत सुरू होते. ही यंत्रं गजबजलेल्या बारमध्ये वाजण्यासाठी बनली होती. ग्लासांच्या आणि गप्पांच्या आवाजात थोडी घूं कुणाला ऐकू येत होती? आता तीच पेटी बंद खिडक्यांच्या दिवाणखान्यात आहे, आणि घूं गेल्यावर तिच्याखाली दबलेला मोटरचा गडगडाट वर येतो. मोटरच्या रबरी बुशा कडक झालेल्या असतात, त्या बदलल्या आणि दोन थेंब तेल दिलं की तो जातो. पण तोवर मालकाने नेमका तोच सूर आणखी मोठा करणारा सबवूफर मागवलेला असतो.